निघाली, पोचली

निघाली: ११.०५
पोचली:
कुठून: तळमजला
कुठे: तिसरा
माणसं: १
शेरा:

ही नोंद माझ्या हातची. इस्पितळाच्या लिफ्टच्या वहीतली. ‘पोचली’ हा रकाना कोरा आहे, कारण मावशी पोचल्या नाहीत. शेरा काय लिहावा ते त्या दिवशी सुचलं नाही. आजही सुचत नाही.

मी सरकारी इस्पितळात लिफ्टमन आहे. इमारत तशी नवी. तळमजल्यावर बाहेरच्या पेशंटची तपासणी, पहिल्यावर बायकांचे वॉर्ड, दुसऱ्यावर पुरुषांचे, तिसऱ्यावर ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभाग. ज्याने कुणी अतिदक्षता विभाग सगळ्यात वर नेऊन ठेवला, त्याचा लिफ्टवर फार विश्वास असणार.

लिफ्ट एकच आहे. स्टीलची, मागच्या भिंतीला आरसा, स्ट्रेचर आडवं मावेल एवढी. दाराशेजारी पाटी: ‘फक्त रुग्णांसाठी’. माझ्यासाठी एक स्टूल. सगळं आहे. फक्त तिला वीज नाही.

वीज नाही म्हणजे गेली असं नव्हे. आलीच नाही. एवढी मोठी लिफ्ट इमारतीच्या साध्या जोडणीवर चालत नाही, तिला रस्त्यापासून वेगळी जाड केबल लागते. ती केबल यायची होती.

निघाली: ९.४०
पोचली: ९.५२
कुठून: तळमजला
कुठे: तिसरा
माणसं: १
शेरा: सुरळीत.

मला नोकरी मामाने लावली. मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा उशाशी बसून तिला म्हणाला, “ताई, ह्याची काळजी सोड. ह्याला मी चिकटवतो.” आणि चिकटवलं. आईच्या डोळ्यांदेखत ऑर्डर आणून दाखवली. तिने कागदावरून हात फिरवला. वाचता येत नव्हतं तिला, पण शिक्का कळला.

पहिल्याच दिवशी मी मामाला विचारलं, “लिफ्ट तर बंद आहे. मी करू काय?”

“वही लिही.”

“काय लिहू?”

“फेऱ्या.”

“कुठल्या फेऱ्या मामा? ती जागची हलत नाही.”

“अरे येड्या, वही कोरी दिसली तर वरचे म्हणतील, लिफ्टच चालत नाही तर लिफ्टमन कशाला पोसायचा? पद गोठवतील. केबलचं टेंडर अडकलंय, दोन महिन्यांत सुटेल. तोवर वही जिवंत ठेव.”

वही जिवंत ठेव. मला ते पटलं. नोकरी नवी होती, आई जायला टेकली होती आणि सांगणारा मामा होता.

पण मला खोटं सुचत नाही. हे काही माझं कौतुक नव्हे. शाळेत निबंधातसुद्धा मला काही सुचायचं नाही. दोन दिवस मी पेन धरून स्टुलावर बसलो. तिसऱ्या दिवशी एका बाईला कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं, तिला वर न्यायचं होतं. स्ट्रेचर धरायला माणूस कमी पडला म्हणून मला हाक मारली. वर पोचवून खाली आलो, घाम पुसला आणि वही उघडून लिहिलं: निघाली ३.१०, पोचली ३.२४, माणसं १.

फेऱ्या तर होतच होत्या. फक्त लिफ्टने होत नव्हत्या. तेव्हापासून मी त्याच लिहीत आलो. तीन वर्षं. माझ्या मते मी खोटं लिहीत नव्हतो. हीच माझी चूक.

(वळण आलं. थांबा. बाटलीला दम लागला.)

हे वाक्य मावशींचं. जिन्याला सहासष्ट पायऱ्या आहेत, दर अकरा पायऱ्यांवर वळण. पुढून पैलवान, मागून मी. पैलवान हा वॉर्डबॉय, काडीसारखा, म्हणून पैलवान. मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या आया. निवृत्तीला चार महिने राहिलेले, गुडघे कामातून गेलेले. त्या सलाईनची बाटली हात उंच करून धरायच्या आणि बाजूने चढायच्या. वळण आलं की म्हणायच्या, “थांबा रे, बाटलीला दम लागला.” स्ट्रेचरवरच्या माणसालाही हसू यायचं.

मला त्या बटण्या म्हणायच्या. “बटण्या, आज तरी दाबलंस का रे?”

“मावशी, केबल येऊ दे.”

“केबल येईल तेव्हा मी स्ट्रेचरवर असेन बघ. रुबाबात जाईन. आरशात केस नीट करीन.”

“आपली लिफ्ट मोठ्या घरची आहे मावशी,” पैलवान म्हणायचा. “साध्या माणसाशी बोलत नाही.”

निघाली: ११.३०
पोचली: ११.३१
कुठून: तळमजला
कुठे: तिसरा
माणसं: ६
शेरा: सुरळीत.

एक मिनिट. हे तपासणीचे दिवस.

वरून साहेबांची तपासणी असली की आदल्या संध्याकाळी मामाचा फोन यायचा. दोनच शब्द. “उद्या इस्त्री.” म्हणजे गणवेशाला इस्त्री करून ये. सकाळी दहाला टेम्पोतून भाड्याचा जनरेटर यायचा. तो धुलाईघराच्या मागे ठेवायचे, कारण कपड्यांच्या मशीनच्या धडधडीत त्याचा आवाज बुडतो. तिथून जाड वायर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपर्यंत. मी कडक कपड्यांत दाराशी उभा. साहेब लोक यायचे, मी बटण दाबायचो, लिफ्ट आवाज न करता वर जायची. एखादा साहेब आरशात टाय सरळ करायचा. दोनपर्यंत पाहणी, सह्या, निरोप. चारला जनरेटर टेम्पोत.

मी वहीत तेही लिहायचो. एक मिनिट तर एक मिनिट.

मावशी त्या दिवशी फार धावपळ करायच्या. साहेब लोक वर चहा घेत असले की पटकन दोन-तीन पेशंट लिफ्टने वर नेऊन टाकायच्या. “चल रे बटण्या, पाहुणे आहेत तोवर घर वापरून घेऊ.”

“मामा, ही जनरेटरची भानगड किती दिवस?” मी एकदा विचारलं होतं.

“दोन महिने,” मामा म्हणाला. ते दुसरं वर्ष होतं.

“तुझ्या मामाने तुला मामा बनवलंय,” पैलवान म्हणाला. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

निघाली: ११.०५

मावशी तळमजल्यावर औषधं न्यायला आल्या होत्या. खिडकीपाशी बसल्या त्या बसल्याच. चेहरा राखेसारखा. डॉक्टर धावत आले, छातीला यंत्र लावून बघितलं, सलाईन लावलं आणि म्हणाले, “आत्ताच्या आत्ता वर न्या.”

पुढून पैलवान, मागून मी. पहिल्या पायरीवर लक्षात आलं की बाटली धरायला कुणी नाही. बाटली धरणारी स्ट्रेचरवर होती. डॉक्टर तयारीला पुढे वर पळाले होते, सिस्टर दुसऱ्या पेशंटला धरून होत्या, कुणाला हाक मारावी तर प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतंच. मावशींनीच हात वर केला. “द्या इकडे. माझी मी धरते.”

आणि धरली. आडवं पडून, हात सरळ वर, मुठीत बाटली. आम्ही चढत होतो. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तो हात दिसत होता. पहिलं वळण. पहिला मजला. पुढचं वळण. कुणी थांबा म्हणालं नाही, म्हणून आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर हात हळूहळू वाकला आणि बाटली माझ्या मनगटावर आली.

पैलवानाला मागचं दिसत नव्हतं. तो म्हणाला, “मावशी, अकराच राहिल्या.”

मावशींची मुलगी दुसऱ्या गावाहून आली. लिफ्टच्या दाराशी उभी राहिली, पाटी वाचली, मला म्हणाली, “लिफ्ट होती ना? मग आईला जिन्याने का नेलंत?”

मला उत्तर माहीत होतं. पण मी खाली बघितलं. तिने तक्रार केली आणि चौकशी समिती नेमली गेली.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी मामा स्वतः घरी आला. दारातच म्हणाला, “उद्या इस्त्री.”

“चौकशीलासुद्धा जनरेटर?”

“मग काय त्यांना जिना चढायला लावू?” तो बसला. चष्मा काढला, रुमालाने पुसला. त्याच्या नव्या चष्म्याच्या काड्या पिवळ्याधमक होत्या, आम्ही त्यावरून चिडवायचो. “हे बघ. तुझ्या वहीत त्या दिवशी लिफ्ट निघाल्याची नोंद आहे. म्हणजे लिफ्ट चालू होती. मग बाई जिन्याने का गेल्या? लिफ्टमन जागेवर नव्हता म्हणून. चहाला गेला होता. एवढंच म्हणायचं.”

“मी स्ट्रेचर धरलं होतं मामा.”

“तेच म्हणायचं नाही.”

“म्हणजे त्यांना मी मारलं असं होईल.”

“महिनाभर निलंबन होईल. नंतर मी परत घेतो. अरे, लहान माणसाच्या एका चुकीचं कुणाला काय? पण लिफ्टचं निघालं तर केबलचं निघेल, टेंडर कायमचं रद्द होईल, मग लिफ्ट कधीच सुरू होणार नाही. तुझ्या मावशीसारख्या आणखी किती जातील, विचार कर.” मग आवाज उतरवून, “तुझ्या आईला शब्द दिलाय मी. तुला वाऱ्यावर सोडीन का?”

तो गेल्यावर मी गणवेशाला इस्त्री केली. खरं सांगतो, मी तेच म्हणणार होतो.

निघाली: १०.५५
पोचली: १०.५६
माणसं: ५

समितीच्या प्रमुख एक मॅडम होत्या, पांढरे केस, कापडी पिशवी. त्यांच्याबरोबर दोन सदस्य. मामा आणि मी. मावशींच्या मुलीला मी म्हटलं, या, जागा आहे. ती म्हणाली, “मी जिन्याने येते.” आम्ही वर पोचून खुर्च्यांवर बसलो, पाणी आलं, पंखा लावला, तरी ती आलेली नव्हती. आली तेव्हा तिच्या तळहाताला कठड्याचा गंज लागलेला होता.

मॅडमनी फाईल उघडली. एकेक कागद मोठ्याने वाचत गेल्या. मी ऐकत होतो आणि काय म्हणायचं ते मनात घोकत होतो. जागेवर नव्हतो, चहाला गेलो होतो. जागेवर नव्हतो, चहाला.

“लिफ्टसाठी स्वतंत्र केबल,” मॅडम वाचत होत्या, “जमिनीखालून, लांबी एकशे चाळीस मीटर. काम पूर्ण. मोजमाप घेणारे...” त्यांनी मामाकडे बघितलं. “आपणच ना?”

“होय मॅडम.”

त्यांनी तारीख वाचली.

मला वाटलं चुकून वाचली. तीन वर्षांपूर्वीची होती. माझ्या ऑर्डरच्या अकरा दिवस आधीची.

केबल यायची नव्हती. केबल कागदावर आलेली होती. मी स्टुलावर पहिल्यांदा बसलो तेव्हाच ती जमिनीखाली पुरून, मोजून, सही करून झालेली होती. आत काही नसलेला चर बुजवला की कोण उकरून बघतो? फक्त वर एक लिफ्ट चालताना दिसायला हवी. आणि लिफ्ट चालते हे रोज लिहून ठेवणारा, प्रश्न न विचारणारा, घरचा माणूस हवा.

आईने त्या ऑर्डरवरून हात फिरवला होता.

मॅडमनी पुढचा कागद काढला. “हा आपला जबाब. ‘लिफ्ट सुस्थितीत होती. सदर कर्मचारी जागेवर नव्हता. याबाबत सदर कर्मचाऱ्यास पूर्वीही तोंडी ताकीद दिली होती.’”

जबाबाची तारीख आठ दिवसांपूर्वीची. म्हणजे काल माझ्या घरी येऊन तो मला विचारत नव्हता. कळवत होता.

“सदर कर्मचारी,” मॅडम माझ्याकडे वळल्या, “तुम्हाला काय म्हणायचंय?”

मामा माझ्याकडे बघत होता. प्रेमाने. ते सगळ्यात वाईट होतं.

मी वही पुढे केली. “मॅडम, ही वाचा. फेऱ्या नका वाचू. वेळ वाचा.”

“तुम्हीच वाचा.”

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. निघाली ३.१०, पोचली ३.२४. निघाली ९.४०, पोचली ९.५२. बारा मिनिटं, अकरा, चौदा, एकदा एकवीस, त्या दिवशी पेशंट फार जड होता आणि पैलवानाला ताप होता. सदस्यांपैकी एकजण घड्याळ बघायला लागला. जेवण झालं. परत बसलो, मी परत वाचायला लागलो. मुलगी डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या वर्षात आलो तेव्हा मॅडमनी हात वर केला.

“थांबा. रोज अकरा-बारा मिनिटं, आणि ह्या तारखेला एक? परत त्या तारखेला एक?” त्यांनी फाईल चाळली. “ह्या दोन्ही दिवशी तपासणी होती.”

“अंदाजे लिहितात मॅडम ही मुलं,” मामा हसत म्हणाला. “सदर कर्मचाऱ्याचं शिक्षण तसं कमीच आहे. घड्याळाचं काय कळतंय.”

मला घड्याळ वाचायला ह्याच मामाने शिकवलं होतं. डब्याच्या झाकणावर दोन काड्या ठेवून. मोठी काडी, लहान काडी. बरोबर आलं की खांद्यावर घ्यायचा.

“तांत्रिक बाब आहे,” घड्याळ बघणारे सदस्य म्हणाले. “तज्ज्ञांचा अहवाल मागवू मॅडम. उशीर झालाय.”

उशीर झाला होता, हे खरं. चार वाजून गेले होते. आजवर कुठलीच तपासणी दोनच्या पुढे गेली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नाही. मामाच्याही नाही.

निघाली: ४.०६

मॅडम, घड्याळवाले सदस्य, मामा, मी. दुसरे सदस्य कागदांना टाचणी मारायला वर थांबले. मुलगी जिन्याने.

दुसरा मजला गेला आणि लिफ्ट थांबली. दिवा गेला. पंखा गेला. आरशात कुणी राहिलं नाही.

“वीज गेली वाटतं,” मामा लगेच म्हणाला.

दाराच्या फटीतून उजेडाचा एक पट्टा आत येत होता, पांढरा, सरळ. बाहेर व्हरांड्यातली ट्यूबलाइट लागलेली होती.

“बाहेर तर आहे,” मॅडम म्हणाल्या.

जिन्यातून पैलवानाचा आवाज आला. “बटण्या! आत आहेस का रे?”

“आहे!”

“जनरेटरवाल्याने वायर काढली! चार वाजेपर्यंतच ठरलं होतं म्हणतोय! टेम्पोत भरला पण त्याने!”

अंधारात मामाने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा, बोटं आत घेऊन. दाबला. मला त्याचा अर्थ कळला. मी हात काढून घेतला.

“मॅडम,” मी म्हणालो, “केबल नाहीये. कधीच नव्हती. लिफ्ट फक्त तुम्ही लोक येता तेव्हा चालते.”

“आणि त्या बाई?”

“त्यांची बाटली त्यांनीच धरली होती.”

मामा खोकला. म्हणाला, “मॅडम, हा माझा भाचा आहे. आई गेल्यापासून जरा...” आणि पुढचा शब्द त्याने हवेत सोडून दिला.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला त्या कागदांसमोर भाचा म्हटलं. कशासाठी, तर वेडा ठरवायला.

पैलवान गच्चीवर गेला आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट इंच इंच खाली सोडली. पहिल्या मजल्यावर दार उघडलं. समोर मुलगी उभी होती. ती आमच्या आधी पोचली होती.

मी वही उघडली. सवय. ‘पोचली’त ४.३१ लिहिलं. माणसं ४. शेऱ्याशी पेन थांबलं. मॅडमनी ते माझ्या हातातून घेतलं आणि उभ्या-उभ्या लिहिलं: ‘वीज नव्हती. मी आत होते.’ खाली सही. मग वही सदस्यांकडे केली. ते म्हणाले, “गाडी थांबलीय खाली,” आणि उतरायलाच लागले.

मॅडमनी वही मामापुढे धरली. “तुम्हीही आत होतात.”

मामाने वही घेतली. लांब धरली, जवळ धरली.

“चष्मा वर राहिला वाटतं,” तो म्हणाला.

चष्म्याची पिवळीधमक काडी त्याच्या शर्टाच्या खिशातून बाहेर आली होती. मॅडमना दिसली की नाही, ठाऊक नाही. मला दिसली. मामाने माझ्याकडे बघितलं आणि मला दिसली हे त्याला दिसलं.

“आणतो,” मी म्हणालो.

पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत चव्वेचाळीस पायऱ्या. मी सावकाश चढलो. वळणावर थांबलो. मावशींच्या वळणावर जरा जास्त. खिसा चाचपायला, अरे इथेच होता की म्हणायला, सही करायला माणसाला जितका वेळ लागेल, तितका दिला. वर जाऊन टेबलाखाली वाकूनसुद्धा बघितलं. मग उतरलो.

मॅडम वही पिशवीत घालत होत्या. मुलगी कठड्याला टेकून उभी होती. मामा नव्हता.

“गेले. सही न करताच,” मुलगी म्हणाली. “वर होता चष्मा?”

“नव्हता.”

“माहीत होतं ना तुम्हाला?”

“हो,” मी म्हणालो.